अप्पासाहेबांचा चढ

कॉलेज अर्धवट सोडलेल्या मला क्लासमध्ये गणित शिकवायची नोकरी हवी होती. मालक अप्पासाहेब शितोळे बापाने दिलेल्या खुर्चीतून गुरगुरले, "आडव्या रेषेचा चढ किती रे, दिवट्या?"

"शून्य. आडवी रेषा म्हणजे मी. भरपूर चाललो, वर तसूभरही गेलो नाही."

"हे खरं बोललास! आणि उभ्या रेषेचा?"

"उभी म्हणजे तुम्ही, अप्पासाहेब. एक पाऊल न चालता थेट वर. चढ काढताना उंचीला चाललेल्या अंतराने भागतात. तुमचं अंतर शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तुमचा चढ कुणालाच काढता येणार नाही."

क्लास खरा चालवणारी त्यांची सून फस्सकन हसली. "अप्पा, पोरं हे जन्मात विसरणार नाहीत. ठेवून घ्या याला."

आता मी रोज बजावतो, कॉलेज सोडू नका. कार्टी विचारतात, "म्हणजे तुमच्यासारखं व्हायचं नाही ना, सर?" एवढं मात्र त्यांना पहिल्या फटक्यात कळतं.