राणीच्या पाठीतल्या दोघी बहिणी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. त्याच्यात दोष म्हणाल तर एकच, राणी इंदुलेखेला काही दुखलं-खुपलं की त्याला बघवत नसे. आता याला दोष का म्हणावं, असं तुम्ही विचाराल. थांबा की जरा, कळेल.

राणी दर उन्हाळ्यात राजाच्या आयुष्यासाठी निर्जळी व्रत करी. पाण्याचा घोटसुद्धा वर्ज्य. त्या वर्षी ऊन कडक पडलं आणि राणीचं डोकं फुटायला आलं. राजानं कालजिव्ह मांत्रिकाकडून मुळी आणवली. मांत्रिक म्हणाला, "महाराज, ही दुखणं गिळते. पण शापित आहे. तहानलेल्या माणसाला देऊ नका." राजपुरोहित म्हणाला, "नुसती चघळली तर व्रत मोडत नाही." राजानं आपल्याला हवं तेवढंच ऐकलं. मुळी दिली. पुन्हा दुखलं, पुन्हा दिली. करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

व्रत सुटलं, पण राणीला लघवी होईना. प्यायलेलं पाणी अंगातच राही. पाय सुजले, तोंड सुजलं, श्वास लागला. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा खिडकीत धनेश पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, राणीच्या पाठीत, बरगड्यांच्या आड, दोघी जादूगारणी बहिणी राहतात. डावीकडे सव्या, उजवीकडे दक्षा. तिचं सगळं रक्त त्या गाळतात. तुझ्या मुळीनं त्यांची दारं आवळली आहेत. चल."

पक्ष्यानं पंख फिरवला. राजा मोहरीच्या दाण्याहून लहान झाला आणि राणीच्या अंगातल्या तांबड्या नदीतून वाहत निघाला.

उजवीकडच्या घरी शुकशुकाट होता. गाळणी वाळून गेली होती आणि उंबऱ्यावर दक्षा दगड होऊन बसली होती. राजानं तिच्या हाताला हात लावला. हात गार होता.

डावीकडे सव्या जेमतेम धुगधुगी धरून होती. तिनं विचारलं, "आपण कोण?"

"राणीचा नवरा."

"म्हणजे मुळी देणारे आपणच," ती म्हणाली. "नदी आटली की ती आत येते ते पुढचं दार आम्ही सताड उघडतो आणि बाहेर जाते ते मागचं जरा ओढून घेतो, म्हणजे गाळणीवर जोर राहतो. यंदा आम्ही दार उघडायला जावं आणि मुळीनं ते आवळून धरावं. ओढून ओढून दक्षा संपली. आता तीन कामं करा, म्हणजे राणी तरी वाचेल."

पहिलं काम पुढच्या दाराचं. मुळीचा विळखा तलवारीनं तुटेना. सव्या म्हणाली, "ज्यानं दिली, त्यानंच परत मागावी." राजानं गुडघे टेकले. "माझं चुकलं. परत ये." विळखा सुटला आणि नदी आत आली.

दुसरं काम मागच्या दाराचं. राजाला वाटलं, तेही मोकळं सोडावं. राजेलोकांना सगळं मोकळं सोडायची भारी हौस! सव्या म्हणाली, "मग सगळं वाहून जाईल, गाळणीतून काही उतरणार नाही. रेटून धरा." त्यानं पाठ लावून दार अर्धवट धरलं. खांदे सोलून निघाले, तेव्हा कुठे गाळणी झरू लागली.

तिसरं काम चवीचं. गाळलेलं पाणी पाटानं जाई, त्या पाटाच्या टोकाशी बसून चाखायचं. फार खारट लागलं तर हाक द्यायची, म्हणजे सव्या पुढचं दार थोडं लोटे. अळणी लागलं तर आणखी उघडे. राजा चाखत बसला. इतकं लक्ष त्यानं मांत्रिकाच्या बोलण्याकडे दिलं असतं तर? पण ते तेव्हा सुचायला हवं होतं.

पाण्याला ठरलेली चव आली आणि शाप उतरला. राजानं विचारलं, "दक्षासाठी काहीच करता येणार नाही का?"

"नाही. तिचं काम मी करीन. मी थोडी मोठी होईन."

"राणीला काय सांगू?"

"काय सांगणार? आम्ही दोघी होतो, हेच तिला कुठे ठाऊक होतं?"

राजा बाहेर आला. राणीची सूज उतरली, श्वास सरळ झाला. राज्यात निर्जळी व्रताला बंदी झाली. लोक कुरकुरले, पण पाणी पिऊ लागले.

उठून बसता आलं तशी राणी राजाकडे पाहून हसली. म्हणाली, "एवढं दुखणं काढलं खरं, पण माझं व्रत फळाला आलं. तुम्ही सुखरूप आहात."

राजा खाली बघून म्हणाला, "हो."