घाट उलटा चढणारा तुळाजी मिस्त्री

फार वर्षांपूर्वी, मोटारीचा आवाज आला की कुंभेरीतली गुरं दावी तोडायची, त्या काळातली ही गोष्ट. कुंभेरीचा घाट ज्या साहेबानं बांधला म्हणतात, त्याचं नाव खिंडीतल्या दगडावर कोरलेलं आहे. त्या साहेबानं तिथला एक खडाही उचलला नव्हता. ज्याचं नाव कोरायला हवं होतं त्याचं मात्र कुठं कोरलेलं नाही. ते लोकांच्या तोंडात राहिलं, म्हणून अजून झिजलं नाही. तो तुळाजी पांचाळ, कुंभेरीचा तुळाजी मिस्त्री.

तुळाजी बैलगाड्यांची चाकं करायचा आणि पोळ्याला लाकडी बैल. हात सोन्याचा, जीभ कानशीची. गावात त्याचं कुणाशी भांडण नाही असं घर नव्हतं, आणि त्यानं ज्याची चौकट बसवली नाही असंही घर नव्हतं.

एकदा इनामदारांची मोटार घाटात बंद पडली ती पडलीच. शहरातून माणसं आली, बघून गेली. इनामदार वैतागून म्हणाले, "ढकला दरीत."

तुळाजी पुढं झाला. "दरीला कशाला देता? मला द्या."

"ने. कोंबड्या कोंड तिच्यात."

बैल जोडून त्यानं ती मोटार घरी आणली. पण तिच्या दुरुस्तीला हात म्हणून लावला नाही. आधी शिवणीचं लाकूड घेऊन बसला आणि तळहाताएवढी दुसरी मोटार करायला लागला. मोठीचा एक भाग उघडून बघायचा आणि तसाच लहानीचा कोरायचा. चाक, दांडा, दातेरी चक्र, सगळं फिरणारं. पपईच्या देठाची नळी करून त्यानं तिच्या इवल्या टाकीतून पाणीसुद्धा खेळवलं. जाणारे-येणारे ओट्याशी थांबून विचारायचे, "तुळाजी, मोटारीला पिल्लू झालं का?"

"झालं. पण बारशाला तुला बोलावणार नाही."

पावसाळा गेला, हिवाळा गेला. लहान मोटार पुरी झाली तेव्हा मोठीचं दुखणं त्याच्या बोटांना कळलेलं होतं. ती लहान मोटार उतारावर ठेवली की खाली न जाता वर चढायची, असं म्हणतात. मग तुळाजीनं मोठीला हात घातला. पट्टा तुटला होता, तिथं मोटेच्या कातड्याचा पट्टा चढवला. पाण्याची टाकी गळत होती, तिच्यात मूठभर हळद टाकली आणि गळती थांबली. हँडल मारलं तर मोटार अशी गरजली, की देवळातली घंटा आपोआप वाजली म्हणतात. धूर फार सोडायची, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं धुरपदा.

तुळाजीनं धुरपदा मिरवली, अगदी हौसेनं मिरवली. बायकोला शेजारी बसवून बाजाराला जायचा, टपावर पारवे बसले तर त्यांना उठवायचा नाही. पण घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं, की हातातला घास टाकून उठायचा. साप चावलेला, झाडावरून पडलेला, अडलेली बाई, जात कुठली, वाडी कुठली, त्यानं कधी विचारलं नाही.

आणि मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला सगळीकडंच हत्यारं पुजतात. कुंभेरीचा नेम जास्त कडक होता. गावातलं प्रत्येक हत्यार धुऊन देवीपुढं मांडायचं, त्याच्याभोवती सूत गुंडाळायचं, आणि दसऱ्याला शीव ओलांडेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. त्या वर्षी तुळाजीच्या भक्तीला भरतं आलं. पाना, पक्कड, हातोडा तर त्यानं मांडलेच. पण त्याच्या मनात आलं, की खरी हत्यारं तर धुरपदाच्या पोटात आहेत, राबतात ती. त्यानं तिचे प्लग काढले, कार्बोरेटर काढला, घासूनपुसून देवीपुढं ठेवले आणि त्यांना कुंकू लावलं. धुरपदा देवळासमोर झेंडूच्या माळा घालून उभी राहिली, नटलेली आणि निर्जीव.

दुपारी धनगरवाड्यावरून झोळी आली. झोळीत बिरू धनगराची बायको सगुणा होती. मूल आडवं होतं. बरोबरच्या चिमाक्का सुईणीचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मिस्त्री, माझ्या हातात काय बी ऱ्हायलं न्हाई. दिवस मावळायच्या आत वर पोचली तर दोघं, न्हाई तर एक बी न्हाई."

तुळाजीनं धुरपदाकडं पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. तो देवळाच्या पायरीशी धावला. दारात गणू गुरव आडवा उभा.

"आज नाही, तुळाजी. आज लोखंडाच्या विश्रांतीचा दिवस."

"लोखंड दमत नसतं, गणोबा. ती बाई दमली आहे."

"थांब. देवीला कौल लावतो."

गुरवानं देवीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळा गाव देवळापुढं जमला. एकही पाकळी हलेना. झोळीतून कण्हणं येत होतं आणि तेही बारीक होत चाललं होतं. इनामदारांची सून झोळीत असती तर पाकळी केव्हाच पडली असती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोलला कुणीच नाही.

बोलला तो तुळाजी. "कौल पडेपर्यंत बाई पडेल." आणि गुरवाला बाजूला सारून त्यानं सूत तोडलं.

"हात झडतील तुझे!" गुरव ओरडला.

"झडू देत. पण घाट चढल्यावर."

कुंकू न पुसताच त्यानं प्लग बसवले, कार्बोरेटर बसवला. डोळे मिटून तो काम करत होता आणि पाने आपणहून त्याच्या मुठीत येत होते, असं म्हणतात. सगुणाला मागं निजवलं, चिमाक्का तिच्या उशाशी बसली, बिरू दाराखालच्या पायदांडीवर उभा राहिला. हँडल मारलं, धुरपदा गरजली. तेव्हा तुळाजीच्या लक्षात आलं, की टाकीत तेल तळाला गेलं आहे आणि सणामुळं दुकान बंद आहे.

चढ लागला आणि धुरपदानं आचका दिला. तेल थोडं असलं की चढावर ते मागं राहतं, इंजिनापर्यंत पोचत नाही. पपईच्या देठातलं पाणी त्यानं तसंच अडलेलं पाहिलं होतं. त्यानं मोटार वळवली. तिचं तोंड गावाकडं केलं, पाठ डोंगराकडं केली, आणि उलट्या गिअरात घाट चढायला लागला.

"मिस्त्री, खुळावला काय?" बिरू किंचाळला.

"तू मागं बघ आणि दरी आली की सांग. मी देवीकडं बघतो."

खालून सगळा गाव बघत होता. धुरपदा चढत होती, आणि तिचे दिव्यांचे दोन डोळे देवळावर खिळलेले होते. घाटाला वळणं असंख्य, पण एकाही वळणावर तिनं देवीला पाठ दाखवली नाही, असं म्हणतात. देवळातून निघताना माणूस जसा मागं मागं सरकत निघतो, तशी ती निघाली होती. गणू गुरवानं हात जोडले आणि धुरपदा खिंडीत दिसेनाशी होईपर्यंत घंटा वाजवली. मागं वळून पाहिलं, तर देवीच्या उजव्या अंगाची पाकळी खाली पडलेली होती.

शहाणे म्हणतात, यात चमत्कार कसला, उताराकडं तोंड केलं की तेल इंजिनाकडं येणारच. येणारच! पण दरीच्या कडेनं, उलटं, मागं मरणपंथाला लागलेली बाई घेऊन तसं चढून दाखवा, आणि मग सांगा चमत्कार कशाला म्हणतात ते.

सगुणाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिचं नाव नवमी. दसऱ्याच्या सकाळी धुरपदा सुलट्या तोंडानं खाली उतरली. तुळाजी थेट देवळात गेला आणि दोन्ही हात गुरवापुढं धरले. "बघ गणोबा, मोजून घे बोटं."

गुरवानं मोजली नाहीत. त्यानं तुळाजीच्या हातांना कुंकू लावलं.

तुळाजी गेला, त्याला आता पिढ्या लोटल्या. खंडेनवमीला कुंभेरीत अजून हत्यारं पुजतात, सूतही गुंडाळतात. पण प्रत्येक घर एक हत्यार पूजेबाहेर काढून उंबऱ्यावर ठेवतं. त्याला कुंकू लावत नाहीत. घाटात कुणाची गाडी अडली, तर जो जवळ असेल तो ते उचलून धावतो. विचारलं तर म्हणतात, हे मिस्त्रीचं हत्यार.

गुरवांच्या उंबऱ्यावर तर गावातला सगळ्यात मोठा पाना असतो. त्यांच्या घरी अजून सायकलसुद्धा नाही.