म्हाळसा सुईणीचा कान

फार वर्षं झाली या गोष्टीला. आज जिथं पांगारमाळची वसाहत आहे, फाटकापुढं तगर आणि दुपारी झोपलेल्या गल्ल्या आहेत, तिथं तेव्हा शहराबाहेरची चाळीस घरांची वस्ती होती. त्या वस्तीत म्हाळसा नावाची सुईण होती. तिनं पोटाला कान लावला की आतलं बाळ तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात.

मग घाटाखालून गिरजा लग्न होऊन आली. तीही सुईणीचं काम शिकलेली. हात हलका, बोलणं गोड. एकेक घर तिलाच बोलावू लागलं. गिरजाला न्यायला माणसं म्हाळसाच्या दारावरून जायची, आणि दळता दळता म्हाळसाचा हात थांबायचा. गिरजानं सोडवलेल्या बाळाच्या बारशाला ती जाईना. कुणी गिरजाचं कौतुक केलं की ती उठून आत जायची. तिच्या घरातलं दूध त्या मत्सरानं चुलीवर न चढवताच फाटायचं, असं म्हणतात.

पुढं गिरजालाच दिवस गेले. कळा सुरू होऊन दोन दिवस झाले तरी सुटका होईना. भर दुपारी तिचा नवरा म्हाळसाच्या दारात येऊन उभा राहिला.

म्हाळसा म्हणाली, "वस्तीनं तिला निवडलं. आता वस्तीनंच तिला सोडवावं."

तिनं दार लावून घेतलं. दाराआड तिला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच तिला भीती वाटली, आणि ती धावत निघाली.

गिरजाच्या उशाशी बसून ती म्हणाली, "तीन वर्षं मी तुझं वाईट चिंतलंय. हे ऐकून घे, नाहीतर माझा हात चालायचा नाही."

"ठाऊक होतं," गिरजा म्हणाली. "तरी तुम्हालाच बोलवा म्हटलं मी."

म्हाळसानं पोटाला कान लावला. काही ऐकू येईना. तिनं साऱ्यांना गप्प राहायला सांगितलं. घराघरातली दळणाची जाती थांबली, कुत्री बसली, ओढ्याचं पाणी वाहता वाहता थबकलं, असं म्हणतात. तेव्हा कुठं तिला आतला बारीक ठोका लागला. बाळ आडवं होतं. तिनं ते हळूहळू फिरवलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, आणि म्हाळसा तिला छातीशी धरून रडली.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पांगारमाळात बाळ घरी आलं की म्हाळसाच्या नावानं, आईचं जिच्याशी वाकडं आहे त्या शेजारणीला बोलावतात आणि बाळ आधी तिच्या मांडीवर देतात. कधी कधी ती यायला फार वेळ लावते. तोवर दुसरं कुणी बाळाला घेत नाही.