सटवाचा दिवा

फार मागं, या माळावर गाव होतं पण पाणी नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका, मधे खुसुखुसू नको.

सटवा नावाचा विहीर खणणारा, बायकोला, चिमाला, घेऊन इथं आला. गाव म्हणालं, पाणी लागलं तर राहायला जागा देऊ. त्यानं खणली. कोरडी. दुसरीकडं खणली. तीही कोरडी. चार-चार पुरुष उंचीएवढा खोल गेला, पण मुरमाला घाम फुटला नाही. पहारीच्या घावासरशी माळ कण्हायचा, असं म्हणतात.

पाटील काठावर उभा राहून ओरडला, "सटवा, पाणी काढायला आलास का आम्हाला पुरायला? उद्या उचल तुझं चंबूगबाळं!"

सटवा तळाशी बसून राहिला. चिमा भाकर घेऊन उतरली. पावसाळा नुकता सरलेला, तरी तळची माती तिच्या मुठीतून पिठासारखी गळाली. ती म्हणाली, "अवं, पाणी नाही तर नाही. पण इथं ओलसुद्धा येत नाही. वर ज्वारीला बुरशी लागती, उंदीर खात्यात. इथं ठिवली तर?"

सटवानं भिंती शेणामातीनं लिंपल्या, कडब्याचं अस्तर दिलं, आणि त्या करंट्या विहिरीचं पेव केलं, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. गाव हसलं. मग घरोघर उंदरांनी कणग्या फोडल्या, तशी हसणारी तोंडं पाट्या घेऊन आली. राखणीबद्दल सटवाला पाटीमागं ओंजळभर ज्वारी. भरल्या पेवाचं तोंड मातीनं बंद झालं. धंद्याचा जम बसला.

पुढं दुष्काळ पडला. झाडांनी साली टाकल्या, कावळेसुद्धा गाव सोडून चालत गेले, असं म्हणतात. उडायला बळ नव्हतं. पोरं मरायला लागली तेव्हा सटवानं घाईघाईनं पेव उघडलं. हरखलेली चिमा पाटी घेऊन आधी उतरली. हाक मारली, ओ नाही. तिचा भाऊ लखू तिच्यामागं उतरला. त्याचीही ओ नाही. सटवाला गड्यांनी धरून ठेवला. पाटलानं बघायला पेटता काकडा आत टाकला. तो निम्म्यावरच विझला, आणि वारा तर नव्हता.

सटवा रडला नाही. त्यानं दोराला दिवा बांधून सोडला. विझला. घोंगडी हलवून आत वारा घातला, परत सोडला. विझला. दिवसभर तेच. उन्हं कलली तेव्हा दिवा तळाशी जळत राहिला. मग तो उतरला, आणि दोघांना एकेक करून खांद्यावर वर आणलं.

गाव म्हणालं, "माणसं खाल्लेलं धान्य नको."

"धान्यानं नाही खाल्ली," सटवा म्हणाला. "कोंडल्या हवेनं खाल्ली, आणि माझ्या घाईनं. गिळा मुकाट्यानं. तिनंच राखलंय."

पहिली मूठ त्यानं कच्चीच चावली. त्या पेवावर गाव जगलं.

पुढं तो कमरेला दिवा बांधून गावोगाव पेवं खणत फिरला. जिथं त्याचा दिवा आधी उतरला, तिथं माणूस मेला नाही. तो दिवा तेलाविना जळायचा, असं म्हणतात. म्हातारपणी एकदा सटवा उतरला तो वर आलाच नाही. आत नुसता दिवा सापडला, जळता.

आता पेवं बुजली. पण जुन्या विहिरीचा गाळ काढायचा असला की आमच्याकडं आधी दोराला बांधून दिवा सोडतात. काठावर कोणी बोलत नाही. दिवा विझला तर म्हाताऱ्या म्हणतात, "चिमा नको म्हणती." मग काम कितीही अडलेलं असो, माणसं पहारी उचलून घरी जातात.