बत्तीस सीटांची राखण

एक होतं गाव, बोरकिन्ही, आणि त्या गावात होता एक भोळा रंभाजी. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको गिरजा भाजी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन रोज दोन कोस चालत तालुक्याच्या बाजाराला. मान पार खांद्यात गेली होती. जीभ मात्र जागेवर होती, आणि नवऱ्याला शहाणं करायचं काम तिनं त्या जिभेकडेच दिलं होतं.

एकदा गावात नवी बस आली. डिझेलची नव्हे, हायड्रोजन वायूवर चालणारी. धूर नाही, मागून नुसतं थोडं पाणी ठिबकायचं. बत्तीस सीटा, उभ्यानं जायचं नाही. आठ दिवस चालवून बघायची. आठव्या दिवशी सकाळी नऊला साहेब येऊन माणसं मोजणार. बस भरलेली दिसली तर कायमची गावाला, नाहीतर गेली. गिरजानं मनातल्या मनात पाटी तेव्हाच खाली ठेवली.

बसची राखण रंभाजीकडे आली. बसबरोबर आलेल्या इंजिनिअर बाईंनी बजावलं, "दादा, या गाडीजवळ आग नको. कुणी आणली तर सरळ पाणी ओता."

"कळलं," रंभाजी म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

पहिल्या दिवशी सरपंचीणबाई नव्या गाडीला ओवाळायला आल्या. ताटात निरांजन. रंभाजीनं कळशी ओतली. निरांजन विझलं. सरपंचीणबाई पेटल्या.

गिरजानं कपाळावर हात मारला. "अवो, गाडीम्होरं कुणी आलं तर हात जोडावं, कुंकू लावावं, नारळ द्यावा! आंघोळ घालत्यात व्हय?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी गाडीपुढे म्हैस आली. आली ती बसलीच. रंभाजीनं हात जोडले, कुंकू लावलं, नारळ पुढे ठेवला. एवढा मान म्हशीला जन्मात मिळाला नव्हता. ती दुपारपर्यंत उठली नाही.

"अवो, आडवं बसलं की शेपूट पिरगाळावं आन् हुसकावं!"

"कळलं."

तिसऱ्या दिवशी सरपंच गाडीपुढे मांडी घालून बसले. फोटो काढायचा होता. रंभाजी मागून गेला. शेपूट काही सापडेना. मग त्यानं धोतराचा काष्टाच पिरगाळला आणि "हुर्रऽ" केलं. फोटो झकास आला. सरपंचांनी तो कुणाला बघू दिला नाही.

"अवो, मोठ्या मानसाला हुसकत न्हाईत!" गिरजा रडकुंडीला आली. "मोठ्या मानसासाठी रुमाल टाकून जागा धरायची. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं न्हाई!"

"कळलं."

पुढचे चार दिवस गावात कुणी मोठा माणूस आलाच नाही, त्यामुळे बस नीट चालली. गिरजा खिडकीशी बसून बाजाराला गेली. नवरा सुधारला तो आपल्या सांगण्यानं, हे तिनं वाटेत चारचौघींना ऐकवलंही.

आठव्या दिवशी तिनं घरोघर फिरून मोजून एकतीस माणसं गोळा केली, बसकडे धाडली आणि बत्तिसावी आपण म्हणून मेथीची पाटी आणायला घरी गेली. नऊला एक मिनिट असताना बसपाशी येऊन बघते तो काय, एकतीसच्या एकतीस माणसं खाली उभी! आत साहेब एकटेच, वहीत लिहीत.

"अगं बया! चढा की वर!"

"कसं चढायचं?" सरपंच म्हणाले. "सगळ्या सीटांवर रुमाल हायेत."

बोरकिन्हीत एक वेळ दुसऱ्याचा बांध कोरतील, पण रुमाल टाकलेल्या जागेवर कुणी बसायचं नाही.

"मी टाकलेत," रंभाजी म्हणाला. "साहेब मोठा मानूस. कुठली सीट आवडंल, काय सांगावं? समद्याच धरल्या."

"मी जीपनं आलोय," साहेब म्हणाले.

गिरजा हात जोडून म्हणाली, "साहेब, आत्ता बसवते समद्यांस्नी! दोन मिंटं!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "नऊ वाजले. नऊला प्रवासी शून्य." त्यांनी सही केली, खाली उतरले आणि ड्रायव्हरला खूण केली.

बस निघाली. मागं पाण्याचे चार थेंब पडले. खिडकीतून एक रुमाल फडफडला. जांभळा, जरीकाठी. गिरजानं ओळखला. तो तिच्या लग्नातला शालू होता.

"एका शालूत बत्तीस रुमाल बसले," रंभाजी म्हणाला.

गिरजा मटकन खाली बसली. रंभाजी तिच्याजवळ आला आणि हळूच कानात म्हणाला, "गिरजे, रडू नगंस. बस जाईना का कुठंबी. रुमाल आपलं हायेत न्हवं? समद्या जागा आपल्याच!"