दुरुस्त प्रत

"पण मागितला कोणी?" सरांनी विचारलं.

यशोधनला प्रश्नच कळला नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

"सर, हल्ली एआयचे एजंट असतात. माणूस त्यांना विषय सांगतो, पुढचं वाचन ते स्वतः करतात. त्यांना लागतील ते शोधनिबंध जगभरातून शोधून आणून देणारं सॉफ्टवेअर मी केलंय. तुमचा बेडकांवरचा निबंध त्यातून आजवर चारशेबारा वेळा गेलाय."

परुळेकर सर देवराईच्या कडेला दोन खोल्यांत एकटे राहत. निवृत्त झाल्यावरही ओढ्याकाठचे बेडूक मोजणं त्यांनी सोडलं नव्हतं. गाव त्यांना बेडूकमास्तर म्हणे आणि ते त्या हाकेलाही ओ देत.

यशोधन त्यांच्याकडे तीन वर्षं शिकला, मग बेडूक सोडून संगणकाकडे गेला. आज अकरा वर्षांनी आला होता, काखेत लॅपटॉप आणि मनात एकच हाव... सरांनी एकदा 'शाबास' म्हणावं. पुण्यात तसं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या म्हणण्याने त्याचं पोट भरलं नव्हतं.

"चारशेबारांपैकी मागितला किती जणांनी?"

"मागायचं कशाला, सर? दीड सेकंदात येतो."

"हं..."

सर आत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात पोस्टकार्डं होती.

"पूर्वी कुणाचा निबंध हवा असला की त्यालाच कार्ड टाकायचं. मग तो आपल्याकडची छापील प्रत पाठवायचा. मला ही सदतीस आली. हे बघ, हे ब्राझीलचं."

"यायला किती दिवस लागायचे?"

"दीड महिना. कधी दोन."

यशोधन हसला. हसायला नको होतं, हे त्याला जरा उशिरा कळलं.

सरांनी डब्याच्या तळातून निबंधाची एक छापील प्रत काढली आणि दुसरा तक्ता उघडून त्याच्यापुढे धरला. एका रकान्यावर 'नर' छापलं होतं, एकावर 'मादी'. दोन्ही शब्द निळ्या शाईने खोडून उलटसुलट केले होते.

"छापताना अदलाबदल झाली. अंडी फुटेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहतो तो नर. छापलंय मादी."

"मासिकाला कळवलं नाहीत?"

"कळवलं ना. दुरुस्ती छापायच्या आत मासिकच बंद पडलं. मग कार्ड आलं की मी एक प्रत काढायचो, हाताने दुरुस्त करायचो आणि पाठवायचो. ज्याने मागितलं, त्याला बरोबर मिळालं."

यशोधनने लॅपटॉपकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या सगळ्यांनी..."

"चूकच नेली. न चुकता."

"आजच दुरुस्ती टाकतो, सर. यापुढे जो नेईल त्याला बरोबर मिळेल."

"टाक. चांगलं होईल."

एवढंच. त्यात शाबास नव्हतं.

बाहेर सायकलची घंटी वाजली. सर खुर्चीतून अर्धे उठले. पोस्टमन फाटकाशी न थांबता पुढे गेला, आणि सर पुन्हा बसले.

"शेवटचं कार्ड कधी आलं, सर?"

"बावीस वर्षं झाली."

"आणि तुम्ही अजून..."

"आठवण येते रे. लांब कुठेतरी बसून कुणीतरी माझं नाव लिहितंय, पत्ता लिहितंय... त्याची फार आठवण येते."

यशोधनने डब्याकडे पाहिलं. तीन वर्षं तो याच माणसासमोर बसला होता, पण हा निबंध त्याने कधी मागितला नव्हता. सॉफ्टवेअर चालतं का हे बघायला मात्र पहिल्यांदा त्याने हाच निबंध आणवला होता. आला, म्हणून खूश झाला. वाचला नव्हताच. आता त्याला त्याची लाज वाटली.

डब्यात एक कोरं पोस्टकार्ड होतं. त्याने ते उचललं, मांडीवर धरलं आणि लिहू लागला. कितीतरी दिवसांत हाताने काही लिहिलं नव्हतं, अक्षर लहान मुलासारखं आलं.

'आदरणीय सर, आपल्या निबंधाची दुरुस्त प्रत मला वाचायची आहे. कृपया पाठवावी.' खाली स्वतःचा पुण्याचा पत्ता. उलट्या बाजूला सरांचं नाव आणि गाव.

कार्ड त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.

सरांनी चष्मा पुसला. कार्ड वाचलं. उलटून आपलं नाव वाचलं, मग पुन्हा मजकूर वाचला.

उरलेल्या प्रतींचा गठ्ठा डब्यातच होता, हाताच्या अंतरावर. पेन यशोधनच्या हातात होतं.

सरांनी कार्ड त्याला परत दिलं.

"हातात नको देऊस... पोस्टात टाक."