डुगडुगणारे अकरा दगड

डोंगराच्या कुशीतल्या एका गावी रायाजी नावाचा पाथरवट राहत होता. हात कसबी, छिन्नी चोख. पण कसबाबरोबर डोक्यात थोडी हवा शिरतेच. रायाजीच्या डोक्यात ती जरा जास्तच शिरली होती.

गावच्या देशमुखांची बाग उताराची. कुठे खड्डा, कुठे उंचवटा. विहीर खाली आणि फुलझाडं वर. बायका डोक्यावर पाणी घेऊन चढायच्या आणि चिखलात घसरायच्या. म्हणून देशमुखांनी रायाजीला पायवाटेवर सपाट दगड बसवायला सांगितलं. काम मनासारखं झालं, तर नदीवरच्या नव्या घाटाचं कामही तुझंच, असा शब्द दिला. घाट म्हणजे सात पिढ्यांचं नाव. रायाजीला त्याहून मोठं काही नको होतं.

त्यानं पावला-पावलाच्या अंतरावर, खाली मुरूम चोपून, चाळीस दगड बसवले. मग स्वतः दहादा चढला, दहादा उतरला. एक दगड हलला नाही. तसा निरोपही त्यानं देशमुखांना धाडला. दुसऱ्या दिवशी ते पाहणीला येणार होते.

त्याच दुपारी ठकूबाई माळीण वर पाणी घालून परतताना थांबली. "रायाजीदादा, तुझे दगड डुगडुगतात."

रायाजी हसला. पाय नीट टाकला की डुगडुगत नाहीत, असं त्यानं तिला सुनावलं.

"डोक्यावर घागर असली की खाली बघता येत नाही, दादा. पाय पडेल तिथं पडतो," असं म्हणून ती विहिरीकडे गेली.

ते रायाजीला लागलं. आसपास कोणी नाही असं पाहून त्यानं भरलेली घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली, मान ताठ केली आणि चालू लागला. सातव्या दगडाच्या कडेवर पाय पडला. दगड कलला, घागर गेली आणि रायाजी न्हाऊन निघाला.

तो ओल्या अंगानं तिथंच बसला. तीस वर्षं दगडात काढलेला त्याचा पाय आपसूक दगडाच्या मध्यावरच पडत होता. मध्ये मुरूम भरपूर होता. कडांना मात्र त्यानं हात आखडता घेतला होता. त्यानं एकेका दगडाची कड दाबून पाहिली. अकरा दगड हलत होते.

देशमुख काठी टेकत, खाली बघत चालणार. त्यांना काही कळणार नव्हतं. कडांखाली चार कपच्या ठोकल्या की महिनाभर निभावलं असतं, आणि तोवर घाट हातात. रायाजीनं कपच्या गोळाही केल्या. मग घागरीखाली ताठ झालेली ठकूबाईची मान त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पहार घेतली आणि अकराही दगड उपटून काढले.

दुसऱ्या दिवशी देशमुख पाहुण्यांना घेऊन आले. पायवाट बघावी, तर म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी. पाहुणे हसले. देशमुखांच्या कपाळावर आठी आली.

"एक दगड हलत नाही, असा निरोप होता तुझा."

"तेव्हा मीच चालून पाहिलं होतं, सरकार. ज्यांना रोज चालायचंय त्यांना विचारलं नव्हतं. अकरा दगड चुकलेत. आठ दिवस द्या."

देशमुख पाहुण्यांना घेऊन परत गेले. घाट गेला, असं रायाजी धरूनच चालला. तरी आठ दिवस तो गुडघ्यांवर बसून कडांखाली मूठमूठ मुरूम भरत आणि चोपत राहिला.

नवव्या दिवशी देशमुख आले. स्वतः वाटेवर न जाता त्यांनी ठकूबाईला भरली घागर घेऊन चढायला सांगितलं. ती चढली, झाडांना पाणी घातलं आणि पुढची घागर भरायला सरळ विहिरीकडे गेली. दगडांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. पायाखाली दगड आहेत हे ती विसरूनच गेली होती.

देशमुख रायाजीकडे वळले. "घाटाच्या पायऱ्या तूच बसव. तिथं तर सारं गाव ओल्या पायांनी चढणार आहे."

तात्पर्य: आपलं काम आपल्याच पायानं जोखू नये, ज्याला त्यावरून रोज चालायचं आहे त्याच्या पायानं जोखावं, आणि चूक दिसली की ती झाकण्याऐवजी उपटून काढावी.